वाचनालयाचा मिरर पुन्हा जुळवताना

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ब वर्गाचं वाचनालय, दगडी इमारत, मागच्या खोलीत दोन स्कॅनर आणि एक सर्व्हर. संगणकाचं माझं शिक्षण एमएससीआयटीपुरतं. हे सगळं लिहायचं कारण इतकंच की जून २०२४ मध्ये आमच्या सर्व्हरच्या दोन डिस्कपैकी एक बाद झाल्याचं कळलं, तेव्हा मला मराठीत वाचायला काहीच मिळालं नाही, आणि पहिले दोन दिवस फार भीतीत गेले.

सर्व्हर नोव्हेंबर २०२१ मध्ये देणगीतून घेतला. जुने दिवाळी अंक, गावातल्या हस्तलिखित मासिकांचे गठ्ठे आणि सगळ्यात जुन्या दाखल नोंदवह्या आम्ही ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन करतो. ए-फोर आकाराच्या एका पानाची टिफ फाइल साधारण ४६ एमबी होते. आजवर पंचेचाळीस हजारांच्या आसपास पानं झाली आहेत, म्हणजे दोन टीबीच्या वर. यातल्या काही हस्तलिखितांचा कागद हात लावला की तुटतो, ती दुसऱ्यांदा स्कॅन करता येणार नाहीत.

सर्व्हर माझ्या भाच्याने लावून दिला. तो पुण्यात याच क्षेत्रात आहे. डेबियन लिनक्स एका छोट्या एसएसडीवर, आणि ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड-१. एक पान सेव्ह केलं की ते दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं. हे ऐकून मी निर्धास्त झाले, आणि वार्षिक अहवालात दर वर्षी एक वाक्य घालत आले: "स्कॅन केलेला संग्रह दोन डिस्कवर सुरक्षित आहे."

१३ जून २०२४, गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. एरवी यूपीएस मला सर्व्हर नीट बंद करण्याइतका वेळ देतो. त्या दिवशी चार मिनिटांत तो बसला आणि सर्व्हर धाडकन बंद पडला. दुपारी लाईट आल्यावर सुरू झाला का बघायला मी मॉनिटर जोडला, लॉगिन केलं. काळ्या पडद्यावर नेहमीची ओळ आली: "यू हॅव मेल." ही ओळ मी कित्येक महिने बघत होते. मला वाटायचं, असं काहीतरी येतच असतं. पडद्याचा फोटो काढून भाच्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि विचारलं, अचानक बंद झाल्याने काही बिघडलं तर नाही ना?

त्याचा लगेच फोन आला. "मावशी, ते मेल कधी उघडून बघितलंस का?"

मी म्हटलं, "नाही रे. आपल्या जीमेलला तर काहीच आलेलं नाही."

त्याने मला "मेल" एवढाच शब्द टाइप करायला लावला. पडद्यावर यादी धावत गेली. १४४ पत्रं. पहिलं २२ जानेवारीचं, "फेल" असं शीर्षक असलेलं. त्यानंतर २३ जानेवारीपासून रोज एक, "डीग्रेडेड अॅरे". अॅरे म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्क, इथे आमचा मिरर. तो अधू झाला आहे. मी एक पत्र उघडलं. मजकूर एखाद्या कार्यालयीन पत्रासारखा होता: हे पत्र यंत्राने आपोआप पाठवलं आहे, अमुक अॅरेमध्ये बिघाड आढळला आहे, खाली "आपला विश्वासू" या अर्थाचे शब्द, आणि त्याखाली ता.क. मध्ये अॅरेची त्या वेळची स्थिती. आवक-जावक नोंदवही गेली अठरा वर्षं मी सांभाळते. पोस्टाने आलेलं एकही पत्र माझ्याकडे नोंदीशिवाय राहत नाही. आणि ही १४४ पत्रं माझ्याच नावावर येऊन पडली होती.

आता मुख्य गोष्ट, स्थिती कशी बघायची. लिनक्सवर प्रॉक नावाच्या फोल्डरात एमडीस्टॅट नावाची फाइल असते. "कॅट" लिहून तिचा पत्ता दिला की पाच-सहा ओळी दिसतात. बघायचं ते चौकटी कंसात. सगळं ठीक असेल तर [२/२] आणि त्यापुढे [यूयू] दिसतं. दोन डिस्क हव्यात, दोन आहेत, दोन्ही चालू आहेत. आमच्याकडे [२/१] [यू_] होतं. त्या दुसऱ्या यूच्या जागी फक्त एक आडवी रेघ. पहिल्या पत्रातल्या ता.क. मध्ये एसडीबी या डिस्कच्या नावापुढे कंसात एफ होता, म्हणजे फॉल्टी. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ते नावही यादीत राहिलं नव्हतं, नुसती रेघ.

भाच्याने कारण सांगितलं ते मला पटलं. वाचताना एखादी जागा वाचता आली नाही तर यंत्रणा दुसऱ्या डिस्कवरून ती माहिती घेते आणि तिथे परत लिहून बघते, डिस्कला लगेच बाहेर काढत नाही. पण लिहिणंच जमेना झालं तर ती डिस्क मिररमधून बाजूला केली जाते. बाजूला केलेली डिस्क बंद पडत नाही. ती फिरत राहते. मी पॅनेल उघडून हात लावला तेव्हा दोन्ही डिस्क सारख्याच कोमट होत्या, दोन्हींची घरघर सारखीच. बाहेरून काहीही कळायला मार्ग नव्हता.

एमडीअॅडम या हत्याराने प्रत्येक डिस्क वेगळी तपासता येते. त्यात "इव्हेंट्स" नावाचा आकडा असतो, अॅरेमध्ये बदल नोंदले गेले की तो वाढतो. मिरर जुळलेला असेल तर दोन्ही डिस्कवर हा आकडा एकच हवा. आमच्या एकीवर १८,२०४ होता आणि दुसरीवर ४१,९७७. जानेवारी ते जून या काळात स्कॅन केलेली तीन हजारांवर पानं फक्त एका डिस्कवर होती. मार्चअखेरच्या अहवालात मी "दोन डिस्कवर सुरक्षित" असं लिहून, छापून वाटलं, तेव्हा ते खरं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"मावशी, आधी कॉपी. नवीन डिस्क, वॉरंटी, सगळं नंतर," असं भाचा दोनदा म्हणाला. माझी घाई नवी डिस्क घालण्याची होती. त्याने समजावलं की मिरर पुन्हा भरताना उरलेली एकमेव डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचली जाते, एका दमात, कित्येक तास. ती जर मनातून खचलेली असेल तर नेमकी तेव्हाच दगा देऊ शकते. म्हणून त्याआधी सगळं तिसरीकडे उतरवून घ्यायचं. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, दोघींचे चालू तास २२ हजार ४०० च्या घरात. स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, काढून बघितली. बाद झालेलीवर बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) १,२६४ आणि वाचायचे राहिलेले ८८. चांगलीवर दोन्ही रकान्यांत शून्य. ते शून्य बघून मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला.

वाचनालयाकडे एवढी मोठी डिस्क नव्हती. बाजारपेठेतले फोटोवाले काका आमचे जुने वर्गणीदार. शुक्रवारी सकाळी त्यांच्या दुकानात गेले, त्यांनी लग्नसराई संपल्यामुळे रिकामी असलेली ४ टीबीची बाहेरची डिस्क काढून हातावर ठेवली, लिहून वगैरे काही घेतलं नाही. अकरा वाजता आरसिंकने कॉपी लावली. वेग सेकंदाला ३५ एमबी. भाच्याने हिशेब केला, सोळा तासांवर जाणार. मग विचारलं, "पोर्ट कुठला आहे? आतून काळा की निळा?" मी पुढच्या काळ्या पोर्टात लावली होती. मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात लावल्यावर वेग शंभरच्या आसपास गेला आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत काम झालं. रात्रभर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवायला लावले. शनिवारी सकाळी एकही फरक नाही असं दिसलं, तेव्हा मी चहा घेतला.

त्यानंतर कागदपत्रं. आमच्या नियमाप्रमाणे कार्यवाहांना पाच हजारांपर्यंतच खर्चाचा अधिकार आहे. त्यापुढे कार्यकारिणीचा ठराव आणि तीन दरपत्रकं लागतात. बैठक २३ जूनला होती. दरम्यान बाद झालेली डिस्क तीन वर्षांच्या वॉरंटीत बसत होती, नोव्हेंबरपर्यंत. १८ जूनला कंपनीच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला. अनुक्रमांक, खरेदीच्या बिलाची स्कॅन प्रत, कारण. बिल फाइलीत होतं म्हणून दहा मिनिटांत भरून झाला. तुमचं बिल नसेल तर आजच शोधून ठेवा. शेवटच्या पानावर अट होती की पाठवलेली डिस्क परत मिळणार नाही, बदल्यात दुरुस्त केलेली दुसरी येईल. इथे मी थांबले. त्या डिस्कवर स्कॅनच्या जोडीने वर्गणीदारांच्या यादीचा बॅकअपही होता, नाव, पत्ता, फोन नंबर. पुसायचा प्रयत्न केला तर चौदा टक्क्यांवर त्रुटी येऊन थांबलं. लोकांनी विश्वासाने दिलेले नंबर असे कुरिअरने पाठवायला माझं मन तयार होईना. बैठकीत मी हे मांडलं. वॉरंटी सोडून द्यायची आणि नवी डिस्क घ्यायची, असं एकमताने ठरलं.

त्याच बैठकीत अहवालातलं वाक्य चुकीचं होतं हेही सांगितलं. सांगायला जड गेलं. अध्यक्षांनी फक्त विचारलं, "बाई, पानं गेली का?" मी म्हटलं, "एकही नाही." ते म्हणाले, "मग दुरुस्तीपत्रक काढा." काढलं, सूचनाफलकावर लावलं.

दरपत्रकांवर मात्र पाऊण तास गेला. सगळ्यात कमी दराची डिस्क १,९०० रुपयांनी स्वस्त होती आणि मी ती नको म्हणत होते. ती एसएमआर प्रकारची होती. तिच्यात पट्टे कौलांसारखे थोडे थोडे एकावर एक चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढचीही उचलावी लागतात. मिरर भरताना सलग तासन्‌तास लिहावं लागतं तेव्हा तिचा वेग फार पडू शकतो. म्हणून सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवलेली, हवी. कौलांचं उदाहरण दिल्यावर सभासदांना पटलं, तरी "न्यूनतम दर का स्वीकारला नाही" अशी अर्ध्या पानाची टिपणी लिहून सही घ्यावी लागली. हिशेबतपासणीच्या वेळी ती लागणार. तुम्हीही दरपत्रक मागवतानाच "सीएमआर" हा शब्द लिहा, म्हणजे ही वेळ येणार नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा थोडी मोठी चालते, लहान चालत नाही.

डिस्क २८ जूनला आली. सोमवारी, १ जुलैला, साप्ताहिक सुट्टी बघून बसवायचं ठरलं. त्याआधी यूपीएसची बॅटरी बदलून घेतली.

बसवताना मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती चुकीची डिस्क काढण्याची. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कवर लिहिलेली नसतात, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की ती बदलूही शकतात. खरी ओळख अनुक्रमांकाची. मी सर्व्हर चालू असतानाच चांगल्या डिस्कचा अनुक्रमांक कागदावर उतरवून घेतला, मग बंद केला, वायर काढल्या. शिपाई मामांनी मोबाइलचा टॉर्च धरला. दोन्ही डिस्कचं लेबल एका बाजूला, अर्धं धुळीने झाकलेलं. ओल्या नव्हे, कोरड्या कापडाने पुसलं. मी शेवटचे चार अंक मोठ्याने वाचले, मामांनी कागदावरून ताडले, मग अदलाबदल करून पुन्हा एकदा. जुळल्यावर चांगल्या डिस्कवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने "हीच ठेवायची" असं लिहिलं. साटा केबलही नवी घातली. आणि खरंच, सुरू केल्यावर नवी कोरी डिस्क एसडीए झाली होती आणि आमची भरलेली एसडीबी.

पुढची पायरी म्हणजे चांगल्या, भरलेल्या डिस्कवरचे विभाग नव्या डिस्कवर तसेच पाडणं. आम्ही वापरलेल्या आज्ञेत आधी ज्या डिस्कवर पाडायचे तिचं नाव आणि नंतर ज्यावरून घ्यायचे तिचं नाव येतं. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेलीवर जातो. भाच्याने मला एंटर दाबू दिलं नाही. ती ओळ तीनदा मोठ्याने वाचायला लावली, प्रत्येक नावापुढे अनुक्रमांकाचे चार अंक म्हणायला लावले. मग म्हणाला, "आता दाब." फोटोवाल्या काकांच्या डिस्कवर सगळं उतरवलेलं होतं, तरी बोट थरथरत होतं.

मग एमडीअॅडमची "अॅड" आज्ञा. १० वाजून ४० मिनिटांनी एमडीस्टॅट उघडलं तर तिथे नवीन ओळ आली होती: चौकटी कंसात ठिपक्यांची रांग, "रिकव्हरी = ०.०%", एकूण ३९०६८८६४६४ ब्लॉक, फिनिश ४३४ मिनिटं, वेग सेकंदाला दीड लाख के, म्हणजे किलोबाइट. "वॉच" लावून ठेवलं की दर दोन सेकंदांनी हे आकडे आपोआप बदलतात.

इथे तीन शब्द दिसू शकतात. "रिकव्हरी" म्हणजे नव्या किंवा परत आलेल्या डिस्कवर माहिती भरली जाते आहे. "रीसिंक" म्हणजे दोन्ही डिस्क जागेवर आहेत, पण मिरर नुकताच तयार झाला किंवा सर्व्हर अचानक बंद पडला, म्हणून दोन्हीकडचं पुन्हा एकसारखं केलं जातं आहे. "चेक" म्हणजे काही बिघडलेलं नसताना केलेली नेहमीची तपासणी. पहिल्या शब्दाच्या वेळी मिरर अजून अधूच असतो हे लक्षात ठेवा. टक्के ९९ झाले तरी [यू_] तसंच राहतं, शंभर झाल्यावरच दुसरा यू येतो.

४३४ मिनिटं म्हणजे सहाच्या आत संपेल असं धरून मी घरी सांगितलं होतं. ते तसं होत नाही. डिस्क बाहेरच्या कडेला वेगवान असते आणि आत जाईल तसा वेग उतरतो. १ वाजता ३०.७ टक्के, ४ वाजता ६४.३, आणि त्यापुढे आकडा जड पावलाने चालायला लागला. दोनच्या सुमाराला मी एका दिवाळी अंकाचं फोल्डर सहज उघडलं, छोटी चित्रं यायला लागली आणि वेग १,३८,००० वरून ४१,००० वर आला. दुसरं काम आलं की ही यंत्रणा स्वतःचा वेग कमी करते. फोल्डर बंद केल्यावर परत वर गेला. म्हणून सुट्टीचाच दिवस धरा, आणि दाखवलेल्या वेळेत तिसरा हिस्सा आणखी मिळवून घरी सांगा. मधूनच काही अडलं तर चांगल्या डिस्कवरचं काही जात नाही, हे भाच्याने सांगितल्यामुळे मी जेवू शकले.

८ वाजून ६ मिनिटांनी ठिपक्यांची रांग नाहीशी झाली. [२/२] [यूयू]. "डीटेल" आज्ञेत स्थिती "क्लीन", दोन्ही डिस्कपुढे "अॅक्टिव्ह सिंक". खाली गेटवर मामा कुलूप घेऊन थांबले होते. त्यांना वर बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही यूंवर बोट ठेवून विचारलं, "हे दोन झाले का, मॅडम?" झाले म्हटलं.

त्याच आठवड्यात पत्रांचा पत्ता बदलला. एमडीअॅडमच्या सेटिंगच्या फाइलीत "मेलअॅड्रेस" ची एक ओळ असते, तिथे आधी सर्व्हरवरचंच खातं होतं. आता माझा आणि कार्यवाहांचा ईमेल आहे. सर्व्हरवरून बाहेर मेल जाण्यासाठी भाच्याला वेगळी जोडणी करून द्यावी लागली, ते काम मला एकटीला जमलं नसतं. मात्र चाचणी तुम्ही स्वतः घ्या: एमडीअॅडमच्या "मॉनिटर" आज्ञेला "टेस्ट" जोडलं की खोटी सूचना पाठवली जाते. ती फोनवर वाजल्याशिवाय उठू नका.

७ जुलैच्या रविवारी सकाळी आठला आले तर सर्व्हर मंद. एमडीस्टॅटमध्ये पुन्हा टक्के, ८१.२. माझ्या पोटात गोळा आला. नीट वाचलं तर शब्द "चेक" होता. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर, दोन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचून एकमेकींशी ताडून बघतो. साडेदहाच्या आत संपलं. त्यानंतर "मिसमॅच काउंट" नावाची फाइल बघायची. तिच्यात दोन डिस्कमधल्या फरकाचा आकडा असतो. आमचा शून्य आला. मिररवर स्वॅपही (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवलेला असेल तर नुकसान नसतानाही तिथे थोडा आकडा येऊ शकतो. आमचा स्वॅप एसएसडीवर असल्याने शून्याशिवाय दुसरं काही आलं तर मी विचारायला फोन करणार आहे.

विंडोजवर मिरर असेल त्यांनी डिस्क मॅनेजमेंट उघडावं. तिथे "हेल्दी" हवं. "फेल्ड रिडन्डन्सी" दिसलं तर तुमच्याकडेही एकच प्रत उरली आहे, आणि "रीसिंकिंग" म्हणजे जुळणी चालू आहे.

खर्च असा झाला: डिस्क १०,४००, यूपीएसची बॅटरी १,०५०, केबल १२०, आणि वाचनालयाची स्वतःची बाहेरची डिस्क ९,८००. एकूण २१,३७०. बाहेरची डिस्क मिररसाठी नाही. मिररमध्ये मी चुकून एक फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जाईल, म्हणून ही तिसरी प्रत दर पंधरा दिवसांनी भरून कार्यवाहांच्या घरच्या कपाटात जाते. फोटोवाल्या काकांची डिस्क पुसून, पेढ्यांच्या पुड्यासह परत केली.

आवक-जावक नोंदवहीच्या शेवटी मी आता पाच रकाने आखले आहेत: तारीख, कंसातली अक्षरं, मिसमॅच, मिररमध्ये राहिलेल्या जुन्या डिस्कचे वाचायचे राहिलेले सेक्टर, सही. दर सोमवारी भरायचे. आज ५ ऑगस्ट. काल दुसरा चेक झाला. [यूयू], शून्य. मात्र जुन्या डिस्कच्या रकान्यात आज पहिल्यांदा ८ लिहिलं आहे. तिच्या बदलीचा विषय येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला आहे, आणि तीन दरपत्रकं मागवली आहेत.